दोनशे अकरा हिरवे

मंगळवारी रात्री कचेरी रिकामी झाली
की मी पडद्यावर बेटं मांडतो.
कास्त्रो, चोंची, अचाओ, केयोन,
आणि पार दक्षिणेला मेलिंका, जिथवर जाणारी तार
शेवाळलेल्या दोरासारखी:
ओढली तर येते, पण सावकाश.

मासेमारी खात्याची दोनशे बारा यंत्रं.
मूळ प्रणालीची काळजी तिची कंपनी वाहते.
माझ्या वाट्याला येतात ते भाडेकरू:
पीडीएफ वाचणारा, फायली घडी घालून बांधणारा,
ब्राउझर, जो दर पंधरवड्याला कात टाकतो,
आणि ते जावा, त्याला कुणी बोलावलं
हे आता कुणालाच आठवत नाही.
प्रत्येकाचं छिद्र वेगळं, ठिगळ वेगळं.

आमचं अवजार गरीब आहे, पण गुणी.
बेटावरचं एकच यंत्र माझ्याकडून माल उतरवून घेतं,
बाकीची त्याच्याकडून,
शेजारच्या पाणवठ्यावरून भरावं तशी.
कुणाला विचारत नाही, कुणाची झोपमोड नाही.
ठिपके हिरवे होऊ लागतात.
दोनशे अकरा.

एक लाल.
गेल्या मंगळवारी लाल. त्याआधीच्याही.
'यंत्र जाळ्यात नाही,' म्हणतं अवजार.
कोळ्यांच्या कचेरीत हे वाक्य
मला अजून हसवतं.

क्रमांक छप्पन्न. चोंची. परवाना खिडकी.
दोर्का बारिया.

बसने गेलो.
निळी केबल यंत्रामागे गुंडाळलेली होती,
जाळ्याच्या सुताने, नीट गाठ मारून.
"मंगळवारी पाचला काढते," ती म्हणाली,
"बुधवारी आठला लावते."
औषधाची वेळ सांगावी तसं.

मग खण उघडून तिने मार्चमधला एक परवाना काढला.
नाव: रोसेंदो □आंको.

"ही चौकट कोण? गस्तीच्या बोटीनंही हेच विचारलं.
चार दिवस होडी बांधून ठेवली त्याची.
शिंपले सडले.
तुझं ठिगळ आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

अक्षर होतं ते: न, पण डोक्यावर लाट असलेला.
जीभ टाळूला चिकटते, मुळाक्षरांतल्या
त्या ञ-सारखी, जो सगळ्यांना पाठ असतो
आणि लिहायची वेळ कुणावर येत नाही.
इथे येते.
इथे माणसं त्या अक्षराने सुरू होतात.

माझ्या अहवालात तो मंगळवार
शंभर टक्के यशस्वी आहे. परतल्यावर मी पाहिलं.

मग अवजारात नवा गट उघडला.
यंत्रं: एक. गटाचं नाव? 'चाचणी' लिहिलं,
खोडलं, 'दोर्का' लिहिलं.

आता ठिगळं सोमवारी आधी तिच्याकडे जातात.
ती कोऱ्या नमुन्यावर तेवढंच छापते: रोसेंदो ञांको.
कागद खिडकीशी नेते, चष्मा कपाळावर सरकवते,
लाट आहे का बघते.
मग फोन. "आहे." किंवा "नाही रे."
आहे म्हणाली की बाकीची बेटं.

वरून विचारणा झाली, मंजुरीच्या रकान्यात
हे कुणा बाईचं नाव? काही प्रमाणपत्र आहे तिच्याकडे?
मी लिहिलं, खण आहे.

ब्राउझर या वर्षी तीनदा अडला तिच्यापाशी.
जावा एकदा; ते मी काढूनच टाकलं, कुणी रडलं नाही.

काल सोमवार. फोन आला नाही.
सहा. साडेसहा. मी लावला, तर नुसताच वाजत राहिला.
दोनशे अकरा ठिपके पिवळे, खोळंबलेले,
आणि हिरवं एकटं छप्पन्न.

सात वाजता: "अरे, तो स्वतःच आलाय,
रोसेंदो, नूतनीकरणाला.
म्हटलं आज खऱ्या कागदावरच बघू.
थांब जरा.
शाई वाळू दे."